नीलव्वाच्या खोलीतली रॅकेट

"ती रॅकेट कुठे आहे?"

"अडगळीत टाकली, अप्पाजी." तरुण शिष्य विरुपाक्षाची मान ताठ होती. "मठात जीव मारायचं यंत्र नको."

अप्पाजी मठाचे वृद्ध स्वामी होते.

तळ्याकाठच्या त्या मठात मागच्या बाजूला आजाऱ्यांची एक खोली होती. तिथे नीलव्वा होती. तिने चाळीस वर्षं मठात भाकऱ्या थापल्या होत्या. दिवाळीनंतर तिच्या अंगावरून वारं गेलं आणि हातपाय लुळे पडले. बोलणंही गेलं. मच्छरदाणी लावली की तिचा जीव घाबरा होई. म्हणून भाचीने डास मारायची ती विजेची रॅकेट आणून दिली होती. रोज दिवेलागणीला कोणीतरी ती तिच्याभोवती फिरवायचं.

अप्पाजी बाहेरगावी गेले आणि विरुपाक्षाने ती काढून घेतली.

अप्पाजी महिन्याने परतले, तेव्हा नीलव्वा हिवतापाने फणफणली होती.

"मी एकही जीव घेतला नाही," विरुपाक्ष म्हणाला. "माझं काय चुकलं?"

"चल."

ऊन कलत होतं. अप्पाजींनी त्याला नीलव्वाच्या खाटेशी बसवलं.

"हात हलवायचा नाही. मानसुद्धा नाही."

विरुपाक्ष ध्यानाला बसावा तसा बसला. अंधारून आलं. कानाशी गुणगुण सुरू झाली. एक डास पापणीवर बसला. एक मानेवर. त्याने दात आवळले.

मग त्याचं लक्ष गेलं. नीलव्वाच्या खालच्या ओठावर एक डास बसला होता. त्याचं पोट हळूहळू लाल होत होतं.

ती विरुपाक्षाकडे बघत होती. नुसती बघत होती…

तो ताडकन उठला. अडगळीतून रॅकेट घेऊन पळत आला. बटण दाबलं आणि सपासप फिरवू लागला. तडतड झाली. निळ्या ठिणग्या उडाल्या. जळका वास सुटला.

"एकेकाला जाळतो! एकालाही सोडत नाही!"

अप्पाजींनी त्याचं मनगट धरलं. रॅकेट काढून घेतली. खाटेच्या कडेला बसून ते ती नीलव्वाच्या चेहऱ्यावरून सावकाश फिरवू लागले.

तड्…

त्यांनी डोळे मिटले. क्षमा मागितल्यासारखे ओठ हलले. डोळे उघडले. हात पुन्हा फिरला.

तड्…

विरुपाक्ष त्यांच्या पायाशी बसला.

"तुम्ही नका, अप्पाजी. या वयात हे पाप तुम्ही का घेता? मला द्या. मी मारतो."

अप्पाजींनी रॅकेट दिली नाही. उशाचं ओलं फडकं तेवढं त्याच्या हातात ठेवलं.

"तू तिचं कपाळ पूस… रॅकेट आज तुझ्या हाती नको. आज तुला मारावंसं वाटतंय."