शिवेअलीकडचा आपटा

“आमच्या खजिन्यातला दाणासुद्धा शीव ओलांडणार नाही!” राजा जयपाळ गरजला, आणि दरबारातल्या सगळ्या माना एकदम हलल्या. हलली नाही ती फक्त गोजरा कासारणीची.

जयपाळाच्या राज्यात शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोराला सरकारातून शिधा, पाटी आणि दिव्याचं तेल मिळत असे. अट एकच, शाळा आपल्याच परगण्यातली हवी; एका परगण्याचा शिधा शीव ओलांडून दुसऱ्यात जात नसे. गोजरा राहायची राजधानीच्या काटेवळ परगण्यात. तिथले तात्या पंतोजी पहिल्या धड्यालाच डुलक्या घ्यायचे आणि दुसऱ्या धड्याला घोरायचे. त्या घोरण्यावर टाळ्या वाजवून पोरं तालात मात्र तयार झाली होती!

बांगड्यांची पेटी घेऊन गोजरा गावोगाव फिरायची, सोबत तिची लेक बनू. शिवेपलीकडच्या आंबेढोक परगण्यातल्या शाळेच्या खिडकीला बनू जी एकदा चिकटली, ती आईनं ओढली तरी सुटेना. खिडकीतून ऐकून ऐकूनच पोर अक्षरं गिरवू लागली. तिला त्या शाळेत बसवायचंच, असं गोजरानं मनाशी धरलं. पण पोरीला तिकडे ठेवायचं, तर शिध्यावाचून दोन गावांचा संसार तिला झेपणार कसा?

“म्हाराज,” ती भर दरबारात म्हणाली, “शिधा पोरीच्या पोटासाठी हाय, का शिवेच्या दगडासाठी?”

“जीभ आवर! आपलं ते आपलं. आपल्या परगण्यात आहे ते सोडून पलीकडचं मागतेस?”

“आपलं चांगलं असतं तर कशाला मागितलं असतं?”

राजा हट्टी खरा, पण पैजेचा शौकीन. मिशी पिळत तो म्हणाला, “ठीक आहे! अलीकडचं सोडून पलीकडचं घ्यावं, हे आमच्याच तोंडून वदवून घे. दिवाळीपर्यंत मुदत. जमलं, तर शिधा तुझ्या लेकीच्या मागे जाईल. नाही जमलं, तर पोरगी तात्यांच्या शाळेत, आणि पुन्हा तक्रार घेऊन यायचं नाही!”

झालं! त्या दिवसापासून राजा स्वतःच्याच जिभेवर पहारा ठेवू लागला. राणीसाहेबांनी आंबेढोकची टपोरी सीताफळं पुढे केली, तर त्यानं ताट सरकवलं. “आम्हाला आपल्याच परगण्यातली आवडतात!” म्हणत त्यानं काटेवळचं सीताफळ फोडलं. आतून अळी डोकावली. राजानं डोळे मिटून घास गिळला.

“कसं आहे?” राणीनं विचारलं.

“अमृत!” राजा म्हणाला आणि तांब्याभर पाणी प्यायला.

हे ऐकून गोजराचा धीर सुटत चालला. बनू रोज विचारायची, “आई, कधी गं जायचं?”

दसरा आला. सीमोल्लंघनाला राजाची स्वारी राणीसाहेबांसह वाजतगाजत निघाली. शिवेपलीकडच्या आपट्याची पूजा करून पानं आणायची आणि सोनं म्हणून प्रजेला वाटायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हत्ती शिवेवर आला आणि थबकला. दगडाला टेकून वाटेत गोजरा बसली होती, शेजारी बनू.

“मुजरा म्हाराज! पण फुडं पाऊल टाकू नगा. हत्ती खजिन्यातला, अंबारी खजिन्यातली, पूजेचा गूळबी खजिन्यातला. दाणा शीव ओलांडणार न्हाई, असा हुकूम हाय!”

“बाजूला करा हिला!” सेनापती ओरडला.

“थांबा!” राजानं हात वर केला. दिलेला शब्द त्यानं कधी फिरवला नव्हता. “हुकूम म्हणजे हुकूम. पण सोन्याचं काय?”

“त्याची सोय केलिया की! शिवेच्या आतच आपटा हाय. सडा घालून रांगोळीबी काढलिया.”

राजा हत्तीवरून उतरला. आपटा होता खरा, पण निम्मा वाळलेला. बुंध्याला वाळवी, फांद्यांवर मुंग्या, पानांची चाळण झालेली. राजानं एक पान तोडून डोळ्यांपुढे धरलं, तर भोकातून सेनापतीचं नाक दिसलं! राणीसाहेबांना हसू आवरेना.

“मुहूर्त टळतोय, महाराज!” भटजी कासावीस झाले.

राजाचा पारा चढला. “वर्षाचा सण, आणि प्रजेच्या हातावर हे ठेवू? हाकेच्या अंतरावर हिरवागार आपटा उभा आहे! निव्वळ शिवेच्या आत उगवलंय म्हणून हे किडकं गोड मानून घ्यायचं? कुठल्या दीडशहाण्याचा हा न्याय?”

“आपलाच, म्हाराज!” गोजरानं हात जोडले. “माझ्या बनूसाठी केलेला!”

राजानं हातातल्या पानाकडं पाहिलं, पलीकडच्या झाडाकडं पाहिलं, मग बनूकडं पाहिलं. आणि तो असा खदखदून हसला, की त्याचा फेटा सुटून खांद्यावर आला!

“हरलो, गोजरा! शिधा पोराच्या मागे जाईल, पोर ज्या शाळेत शिकेल तिथे. तुझ्याच नव्हे, साऱ्यांच्या पोरांचा!” मग त्यानं फेटा सावरला. “पण सगळीच पोरं पलीकडे गेली, तर आमच्या शाळेचं काय?”

“पलीकडचं सोनं आणलं म्हणून अलीकडचा आपटा कुणी तोडलाय व्हय? त्याला पाणी घाला, म्हाराज. त्याच्याकडं कुणी बघितलंच न्हाई, म्हणून तर किडला!”

राजा पुन्हा हसला. त्यानं आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं. तात्या पंतोजींना हुकूम सुटला, रोज पहाटे उठून त्या आपट्याला घागरभर पाणी घालायचं आणि तिथूनच थेट शाळेत यायचं. झाडाला पालवी फुटेपर्यंत सुट्टी नाही!

मग राजानं बनूला उचलून अंबारीत आपल्या शेजारी बसवलं. “सांग पोरी, हत्ती कुठे न्यायचा?”

“आधी शाळंत!” बनू म्हणाली. “सोनं येताना घेऊ!”

हसता हसता राजाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सरकारी हत्तीनं शीव ओलांडली.