मानाची गाठ

त्या राज्यात एकदा कापलेले पुन्हा जोडता येत नसे. त्यामुळे तिथे प्रत्येकाला घाई असे आणि प्रत्येकाला धास्तीही असे.

राज्य पातेरावांचे होते. लोखंडी रुळावरून पुढेमागे सरकायचे, ठरल्या जागी थांबायचे आणि खाली पसरलेला पत्रा एका घावात कापायचा, हा त्यांचा पराक्रम. पण पात्याला धार असते, डोळे नसतात. आपण रुळावर नेमके कुठे उभे आहोत, हे पातेरावांना स्वतःला कधीच कळत नसे. ते सांगायला रुळाच्या कडेला एक टिपणीस नेमलेला असे. नखाएवढा जीव. तो सरकारांची जागा पाहून आकडा सांगे, आकडा एका बारीक तारेतून लोखंडी कपाटात बसलेल्या कारभाऱ्याकडे जाई, आणि आकडा जुळला की कारभारी घावाचा हुकूम सोडी.

पूर्वी ही तार जमिनीलगतच्या खोबणीतून एकटीच जात असे. एका वर्षी घाव फार सुरेख पडले. पातेराव खूश झाले आणि म्हणाले, "टिपणिसाची तार धुळीत कशाला? आमच्या केबलशेजारी बांधा." सरकारांना बळ पुरवणारी केबल मनगटाएवढी जाड होती आणि सगळ्यांना दिसेल अशी वरून गेली होती. पक्कडीने बारीक तार वर ओढली आणि केबलला लाल दोऱ्याने आवळून बांधली. तिला मानाची गाठ म्हणू लागले. टिपणिसाचे डोळे त्या दिवशी भरून आले होते.

त्यानंतर घाव चुकू लागले. कधी बोटभर अलीकडे, कधी दोन बोटे पलीकडे. चांगले चांगले पत्रे वाया गेले. त्या टिपणिसाला भंगाराच्या ड्रममध्ये टाकले. दुसरा आणला, तोही महिन्याभरात तिथेच गेला. तिसरी आली मिता. तिने आल्या दिवशीच ड्रममध्ये डोकावून पाहिले आणि तेव्हापासून तिला स्वस्थता म्हणून मिळाली नाही.

घाव चुकला की चौकशी बसे. चौकशीच्या वेळी सरकारांनी आवाज करायचा नाही, अशी तिथली जुनी रीत होती. पातेराव निश्चल उभे राहत. कारभारी विचारी, "सरकार कुठं आहेत?" मिता सांगे, "चारशे बारा." मोजून पाहिले तर चारशे बाराच निघे. मग चौकशी उठे, पातेराव गर्जत कामाला लागत आणि घाव पुन्हा भलतीकडे पडे.

"विचारलं की खरं सांगते आणि कामात खोटं," कारभारी म्हणाला. "म्हणजे मुद्दाम करते."

तेलाची बुधली त्या राज्यात सगळ्यांत म्हातारी. सांध्यासांध्यात तिचे जाणे-येणे, त्यामुळे ज्याला त्याला तिच्यापाशीच मन मोकळे करता येई.

"मावशी, मी दिसतं तेच सांगते गं," मिता म्हणाली. "तरी चुकतं. आता मलाच माझी शंका यायला लागलीय."

बुधलीला तिची दया आली. तिने कारभाऱ्याला गाठले. "मागच्या छोट्या रुळावर खंडूआबा आहेत. चौदा वर्षांत त्यांचा आकडा चुकला नाही. आठ दिवस दोघांची अदलाबदल करा. पोर लबाड असेल तर तिथंही लबाडीच करेल."

अदलाबदल झाली. मागच्या रुळावर मिताचा एकही आकडा चुकला नाही. आणि सरकारांच्या रुळावर खंडूआबांचा तिसराच घाव दोन बोटे हुकला.

एवढ्यावरून एखाद्याला काही सुचले असते. दरबाराला म्हण सुचली. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला!" पक्कड म्हणाली. "पोरीनं आबांनाही बिघडवलं." सगळे हसले. निकाल लागला. मिताने आपल्या जागी परत यायचे, आणि उद्या दुपारी दोघांनाही ड्रम. चौथा टिपणीस खोक्यात तयारच होता.

बुधली हसली नाही. शेजारी बांधला, हे खरे; पण कोण कोणाशेजारी? ती तारेच्या कडेकडेने वर गेली आणि गाठीपाशी तिने आपली चोच टेकवली. पातेराव एका जाड पत्र्यावर गर्जत होते. केबल थरारत होती आणि तिला बांधलेली बारीक तारही थरथरत होती. पातेराव थांबले, तारही थांबली.

ती तशीच कारभाऱ्याकडे गेली. "गप्प उभं राहून चौकशी करू नका. सरकार गर्जत असताना विचारा."

कारभाऱ्याचा चेहरा उतरला. तो मूर्ख नव्हता, त्याला लगेच कळले. "म्हणजे सरकारांना सांगू, की तुमच्या आवाजानं आकडे बिघडतात? आणि तुम्ही दिलेला मान सोडा? मावशी, ड्रममध्ये माझ्यापुरती जागा आहे अजून." त्याने कपाटाचे दार लावून घेतले.

बुधलीला गाठ सोडायचा अधिकार नव्हता. तेल घालायचा होता. तिने होते नव्हते तेवढे तेल त्या लाल दोऱ्यावर रिते केले. सकाळपर्यंत गाठ सुटली आणि तार घरंगळत जुन्या खोबणीत जाऊन पडली. खाली पाहायची तिथे कुणाला सवय नव्हती.

दुपारपर्यंत अकरा घाव पडले. अकराही नेमके, केसाचाही फरक नाही. ड्रमचे झाकण उघडून पक्कड वाट पाहत बसली होती. मिता प्रत्येक घावाला डोळे गच्च मिटून घेत होती. बाराव्या घावाला पक्कडीला खोबणीतली तार दिसली; तिने तसे सांगताच पातेरावांनी स्वतःच काम थांबवले.

"अशी गुणी टिपणीस," ते म्हणाले, "आणि तिची तार धुळीत? बांधा वर! या खेपेला दुहेरी गाठ!"

"सरकार, खालीच बरी आहे मी," मिता कळवळून म्हणाली. पण पातेराव आनंदाने गर्जू लागले होते. पक्कड ड्रमचे झाकण तसेच उघडे टाकून दोरा घेऊन धावली. बुधलीने स्वतःला उलटे करून पाहिले. थेंबही उरला नव्हता.

गाठ आवळली गेली. पातेराव जागच्या जागी उभे राहून गर्जत होते. मिता जीव तोडून सांगत होती, चारशे बारा, चारशे बारा, चारशे बारा. कपाटात कारभाऱ्यासमोर आकडे उमटत होते, चारशे चौदा, चारशे एकोणीस, चारशे तीस. त्याने एकदा बुधलीकडे पाहिले. मग आकडे खणखणीत आवाजात वाचून दाखवले आणि म्हणाला,

"सरकारांची घोडदौड चालू आहे!"