खाडीला दिलेली खार

फार पूर्वी अपरान्त देशात सोमवर्मा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व खाडीकाठच्या एका गावी शेतकऱ्याच्या पोटी जन्माला आले. त्यांचे नाव मेघिल, आणि धाकट्या भावाचे नाव नंदुक.

त्यांच्या बापाने खाडीचे पाणी बांधाने अडवून भाताचे शेत केले होते. असल्या शेताला तिकडे खार म्हणतात. गावात सगळ्यांच्या पुढे, पाण्याला चिकटून, ही बापाची खार. बांधाबाहेर कांदळाचे दाट रान.

नंदुकाच्या लहानपणी त्या रानाची काय ऐट होती! आईने चुलीवर आधण ठेवावे, बापाने टोपली घेऊन बांध उतरावा आणि उकळी फुटायच्या आत परत यावे. जिताडा मासा असा मिळे, की डोके चुलीवर शिजत असताना शेपूट शेजाऱ्याच्या अंगणात पडलेले असे, आणि शेजारी ते आपलेच समजून कापून नेई. चिखलातले निवटे मासे संध्याकाळी बांधावर चढून गोष्टी ऐकत बसत. गोष्ट रंगली नाही, तर टुणटुण उड्या मारीत निघून जात. असे नंदुक सांगे. मेघिल हसे, पण खोटे आहे असे कधी म्हणाला नाही.

पुढे आईबाप गेले. नंदुक कर्तासवरता झाला आणि त्याला रानाऐवजी रानातली पाखरे दिसू लागली. दाणा भरला रे भरला, की ती खारीत उतरत.

"राहायला खाडीत आणि जेवायला आमच्याकडे!" तो गावकीत ओरडला. "घरजावई पोसलेत काय आपण? तोडा ते रान."

"नंदू, पाखरांनी खाल्लेलं दिसतं," मेघिल म्हणाला. "रान काय राखतं ते दिसत नाही. जरा थांब."

पण कोयत्यांना कुठला धीर? रान आडवे झाले. पाखरे गेली. त्या हंगामात गावाने नंदुकाला खांद्यावर घेऊन मिरवले. तो उतरायला तयार नव्हता, म्हणून मिरवणूक दोनदा फिरली म्हणतात.

मग उधाण आले. लाट उघड्या बांधावर थेट आपटली आणि बांध फुटून खांड पडली. तिथली रीत अशी, की खांड पडली की शिंग वाजते आणि घरटी एक माणूस चिखल घेऊन बांधावर येतो. याला जोळ म्हणतात. जोळ झाली, खांड बुजली. पण चिखल आणायचा कुठून? जवळचा म्हणून बांधाच्याच पायथ्याचा, जिथे रान होते तिथला उकरला. बांध जेवढा वर चढला, तेवढा पुढचा खड्डा खोल गेला. पुढच्या उधाणाची लाट त्यात उतरून अशी उसळली, जणू गावाने तिला उडी मारायला जागाच करून दिली होती. पुन्हा खांड, पुन्हा शिंग. मागच्या शेतांपर्यंत खारे पाणी पोचले. माणसांचे हात थकले.

गावाचा मुखिया, गामणी उत्तक, म्हणाला, "आणखी एक खांड, की सगळं गाव खारं. मग कोकणभर भाकर मागत फिरा."

तेव्हा मेघिल उठला. "पाण्याला पसरायला जागा पाहिजे. आमच्या खारीच्या मागे उंचवटा आहे, तिथं नवा बांध घाला. पुढचा फोडू. आमची खार खाडीला देऊ. तिथं कांदळ धरेल, लाट मोडेल, तुमची शेतं वाचतील."

नंदुक ताडकन उभा राहिला. "बाची खार? दादा, बाच्या हातचा चिखल आहे तो!"

"आणि आम्ही काय खायचं? निवटे?" नंदुकाची बायको सुलसा मागून म्हणाली.

रीत अशी होती, की बांध घालणाऱ्याच्या सगळ्या वारसांचे हात कुदळीला लागल्याशिवाय बांध फोडायचा नाही. सगळे गाव नंदुकाकडे पाहू लागले.

मेघिल एवढेच म्हणाला, "तू नाही म्हणालास, तर मी कुदळ उचलणार नाही."

दुसऱ्या दिवशी नंदुक एकटाच बांध सांधायला गेला. रागाने पायथा उकरू लागला. कुदळ एका बुंध्याला अडली. पुढे आणखी एक, त्याच्या पुढे आणखी एक. बुंधे एका रांगेत होते. आपोआप वाढलेले रान काही ओळीत उभे राहत नाही. नंदुक थबकला.

मेघिल भाकरी घेऊन आला आणि शेजारी बसला. "जोळ संपली की बा मागे राहायचा. आठवतं?"

नंदुकाला आठवले. सगळे घरी जात. बाप बांधाबाहेर उतरे, पायाच्या अंगठ्याने चिखलात खळगा करी आणि कांदळाची लांब शेंग त्यात उभी टोची. "ही दादाची, ही तुझी," म्हणे. नंदुकाला तो खेळ वाटे.

त्याने बुंध्यावरून हात फिरवला. तोडल्याची खूण त्याच्याच कोयत्याची होती.

"मला वाटायचं बा पाणी अडवतो," तो म्हणाला.

"अडवायचा. आणि त्याला जागाही ठेवायचा."

भाकरी तशीच राहिली. नंदुक उठला. "दादा, शिंग वाजव. पहिला हात माझा."

उंचवट्यावर नवा बांध झाला. मग दोघा भावांनी एका कुदळीने जुना बांध फोडला. पाणी धावले नाही; ओळखीच्या घरात शिरावे तसे हळूहळू खारभर पसरले. सुलसा रडली, आणि मग तिनेच पहिली शेंग टोचली. त्या वर्षापासून घराघरातून भाताचा पहिला भारा या भावांच्या अंगणात येऊ लागला.

रान वाढले. पाखरे परतली. म्हातारा नंदुक त्यांना शिव्या देई, पण दगड उचलत नसे. जोळ संपली की तो मागे राही आणि अंगठ्याने चिखलात खळगा करी.

शूर्पारकाचे शेतकरी खाडीकाठचे रान तोडावे की राखावे यावरून भांडत आले, तेव्हा तथागतांनी त्यांना ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "तेव्हाचा गामणी म्हणजे आताचा माझा शिष्य आनंद. नंदुक म्हणजे तुमच्यातला तो, कमरेला कोयता लावून मागे उभा आहे तो. सुलसा त्याच्या शेजारीच आहे. तिने त्याला याही जन्मी सोडलेले नाही. आणि मेघिल मी होतो. हातचे धरून ठेवण्यापेक्षा सर्वांसाठी सोडणे त्या वेळी थोर ठरले. हीच दानपारमिता."

मागे उभ्या माणसाने कोयता कमरेचा काढला आणि बायकोच्या हाती दिला. मग तो खाली वाकून आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहत राहिला.