डोक्याचं माप

फार वर्षांपूर्वी काचेच्या कपाटात चिनी मातीची एक तोरेबाज बाहुली राहायची. कुमुदताईंनी तिला स्वेटर विणायला घेतला. मापाच्या टेपने छाती, कंबर, गळा मोजला आणि ती डोक्याकडे वळली.

“खबरदार! केस विस्कटतील,” बाहुली ओरडली. “स्वेटर काय डोक्यात घालतात?”

“डोक्यातूनच घालतात, बाई,” टेप पुटपुटली आणि डोकं न मोजताच डब्यात जाऊन बसली.

स्वेटर तयार झाला, पण घालताना तो बाहुलीच्या नाकाशीच अडकला. आतून आवाज आला, “मेले! काढा कुणीतरी!”

कात्री पुढे झाली. “काय कापू? डोकं की स्वेटर?”

“स्वेटर! स्वेटर!”

ताईंनी स्वेटर पाठीवर उभा कापला आणि तिथं टिचबटणं लावली.

तेव्हापासून बाहुली पाहुण्यांकडे कधीच पाठ करत नाही. पाहुणे म्हणतात, “काय ही अदब! खानदानी आहे हो.”

तेवढ्यात डब्यातल्या टेपला खोकला येतो.