दगडात बसवलेली ऐरण

सन एकोणीसशे शहात्तर. मार्गशीर्ष लागला होता, लग्नसराई तोंडावर आली होती. अशा वेळी एकदा एक वृद्ध तांबट आपल्या शिष्याच्या कारखान्यात पहार घेऊन शिरला.

शिष्य आता मालक झाला होता. तांब्याची घंगाळे आणि पाण्याचे बंब तो करवून घेई. त्याला काम या वृद्धाने शिकवले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. शिक्षण संपले तेव्हा शिष्याने दक्षिणा विचारली. आबा म्हणाले होते, "मागेन तेव्हा दे." पुढे कधी मागितली नाही. शिष्याच्या मनावर ते ओझे होते.

त्या दिवशी तो वैतागलेला होता. घंगाळे पेठेतून परत आली होती. हातोडीचे ठोके एकसारखे पडले नव्हते. आणि समोर यशवंत उभा होता, कारखान्यातला सर्वांत चांगला हात. त्याचे अकरा महिने भरले होते, त्यामुळे सोमवारपासून त्याला घरी बसावे लागणार होते.

वर्ष भरलेला कामगार सहजी काढता येत नाही, असे कायद्याचे बंधन. निदान मालक लोक तसे समजत. म्हणून अकरा महिने झाले की माणूस काढायचा आणि महिन्याने पुन्हा नवा म्हणून घ्यायचा, अशी रीत पडली होती. शिष्यही तेच करी.

"महिनाभर काय करशील?" त्याने विचारले.

"मेव्हण्याची पानपट्टी आहे, मालक. चुना लावीन," यशवंत म्हणाला. "आणि पुढल्या खेपेला बोलावलंत तरी येईनच असं नाही. घरात बाळ यायचंय. मला बारा महिने भूक लागते."

आबांनी हे ऐकले. ते थेट शिष्याच्या स्वतःच्या कामाच्या बैठकीपाशी गेले. तिथे त्याची ऐरण जमिनीत दगड-चुन्याने पक्की केलेली होती. आबांनी तिच्या बुडाशी पहार घातली.

"आबा, अहो काय करताय? लग्नाचा माल अडलाय."

म्हाताऱ्याने घाम गाळून ऐरण उपटली, जमिनीवर नुसतीच उभी केली आणि एक घंगाळ तिच्यावर पालथे घातले.

"ठोक."

शिष्य बसला. पहिल्याच घावाला ऐरण डगमगली. त्याने ती पायाने दाबून धरली. पुन्हा ठोकले. ठोका तिरका गेला. कामगार तोंड फिरवून हसले.

"डोळे कुठे आहेत तुझे?" आबांनी विचारले.

"ऐरणीकडे. कधी पायावर पडेल, नेम नाही."

"आणि भांड्याकडे कोण बघणार?"

शिष्याने हातोडी खाली ठेवली. म्हणाला, "समजलं, आबा. पण माझंही ऐका. सगळ्यांना पक्कं केलं आणि एखादा कामचुकार निघाला, तर जन्मभर पोसू? या भीतीनेच मी दोन वर्षांत नवा माणूस घेतला नाही. दारात येतात, परत पाठवतो."

"भीती खोटी नाही," आबा म्हणाले. "बंधन घट्ट केलं की मालक दार लवकर उघडत नाही. बाहेरचा बाहेरच राहतो. ते नुकसान मी नाकारत नाही. पण तुझी ऐरण मी पहिल्याच दिवशी चुन्यात बसवली होती का?"

"नाही. एक पावसाळा नुसत्या मातीत होती."

"का?"

"बसते की कलते, ते बघायला."

"तसा माणूस बघ. एक हंगाम मातीत. कलला, तर तोंडावर सांग, त्याचा हिशेब दे आणि मोकळा कर. बसला, तर चुना घाल आणि पुन्हा हात लावू नको. तू बसलेली ऐरण दरसाल उपटतोस आणि ठोका तिरका गेला म्हणून हातोडीला शिव्या देतोस. ज्याला उद्याची खात्री नाही, त्याचा अर्धा जीव स्वतःला सावरण्यात जातो. उरलेल्या अर्ध्यात तो तुझं काम करतो. आणि आपली कला तो शेजाऱ्याला का शिकवील? शेजारीच उद्या त्याच्या जागेवर बसणार."

कामगार हातोड्या खाली ठेवून ऐकत होते.

"माझी दक्षिणा राहिली आहे," आबा म्हणाले.

शिष्याने मान वर केली. यशवंतच्या बैठकीकडे पाहिले. त्याची ऐरण चार वर्षे मातीतच होती. शिष्य उठला. त्याने स्वतः चुना कालवला, दगड आणले, खड्डा खोल केला. यशवंत मदतीला वाकला, तेव्हा त्याला म्हणाला, "तू नीट धर. सरळ बसू दे. सोमवारी वेळेवर ये."

चुना आळून घट्ट होईपर्यंत चार दिवस तिथे कोणी ठोकले नाही. पाचव्या दिवशी आबा आले. त्यांनी ऐरणीला खांदा लावून जोर दिला. ती हलली नाही.

त्यांनी हात झटकले, वहाणा घातल्या आणि ते घरी गेले. दक्षिणा फिटली.