फिल्टर बसेना, गाडी हलेना

गाड्यांतलं या आबाला सगळं कळतं. सगळं म्हणजे सगळं! नुसतं लांबून बघतो आणि सांगतो, कुठल्या गाडीला काय बसेल.

परवाच माझ्या गाडीत बसलो. चावी लागेना. गाडी दुसऱ्याची होती.

हसू नका. ए, तू तर मुळीच हसू नको. तुझे दात मोजून चार!

आता ऐका.

माझ्या गाडीत, सीटच्या खाली, एक चिचुंद्री चढली. एवढीशी. नाक लांब, पाय इवले. तिचं नाव चुनी. सीटखाली फुटाणे सांडले होते. कोणी सांडले? मी नाही.

बरं, मीच.

चुनी फुटाणे खात होती. कुट्टुम कुट्टुम. मला काय माहीत? मी गाडी सुरू केली. भुर्रर्र! चुनी निघाली बाजारगावाला. आणि चुनीची तीन पिलं राहिली घरी. एकटी. भुकेली.

वाटेत आवाज आला. टण्ण!

गाडीखालून काहीतरी पडलं. घरंगळ घरंगळ घरंगळ. ओढ्यात गेलं. डुबुक!

तो होता गाडीचा फिल्टर. फिल्टर म्हणजे गाळणी. चहाला असते ना गाळणी? तशी गाडीच्या तेलाला गाळणी. दिसतो डब्यासारखा. गाडीच्या पोटाला घट्ट बसतो. घाण आत धरतो. चांगलं तेल पुढं सोडतो.

माझा घट्ट नव्हता. कोणी बसवला होता? पुढं चला, पुढं चला!

सगळं तेल सांडलं. गाडी म्हणाली, खर्र... खर्र... फुस्स.

नशीब बघा, समोरच शौकतचाचाचं गॅरेज. फळीवर तीन फिल्टर. एक लाल, ढब्बू. एक निळा, चकचकीत. एक काळा, धुळीनं माखलेला.

मी म्हणालो, "मोठी गाडी, मोठा फिल्टर!" लाल घेतला. ठाक ठाक ठोकला. डुगडुग डुगडुग. बसेना.

मी म्हणालो, "छान गाडी, छान फिल्टर!" निळा घेतला. ठाक ठाक ठोकला. वर चढेचना.

मग मी दमलो. लिंबाखाली आडवा झालो. दमतो माणूस!

चुनी सीटखालून बाहेर आली. चुक चुक, चुक चुक. तिला पिलं आठवली. ती गाडीला म्हणाली,

"गाडीबाई, गाडीबाई, हला ना! मला घरी न्या ना! पिलं माझी एकटी घरी!"

गाडी म्हणाली, "मी नाही हलणार. फिल्टर बसल्याशिवाय मी नाही हलणार."

चुनी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. फळीवर चढली.

"फिल्टरदादा, फिल्टरदादा, बसा ना!"

"का गं, चुने?"

"गाडी हलेना.
पिलं माझी एकटी घरी!"

लाल फिल्टर रुसला होता. निळा फिल्टर रुसला होता. काळ्यानं तर भीतीनं डोळेच मिटले होते.

"त्या आबानं आम्हाला ठोकलं! ठाक ठाक! आम्ही नाही बसणार. पट्टीनं तोंड मोजल्याशिवाय आम्ही नाही बसणार."

चुनी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. खिळ्याला मोजपट्टी टांगली होती.

"पट्टीताई, पट्टीताई, मोजा ना!"

"का गं, चुने?"

"फिल्टर बसेना.
गाडी हलेना.
पिलं माझी एकटी घरी!"

पट्टी हलली. टिंग टिंग. म्हणाली, "मला पाय आहेत का? हात आहेत का? मी नाही मोजणार. चाचा उठल्याशिवाय मी नाही मोजणार."

चुनी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. शौकतचाचा बाकावर पसरले होते. तोंडावर टोपी. पोट वर, खाली. वर, खाली.

"चाचा, चाचा, उठा ना!"

"का गं, चुने?"

"पट्टी मोजेना.
फिल्टर बसेना.
गाडी हलेना.
पिलं माझी एकटी घरी!"

चाचांनी टोपी जराशी उचलली. एक डोळा उघडला.

"त्या आबानं ठोकून ठोकून माझं डोकं उठवलं! मी नाही उठणार. चहा आल्याशिवाय मी नाही उठणार."

टोपी परत तोंडावर. फुर्रर्र!

चुनी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. रस्त्यापलीकडे ठकूमावशीचा चहा. चूल पेटलेली. भांडं रिकामं. मावशी कमरेवर हात ठेवून उभी.

"मावशी, मावशी, चहा ठेवा ना!"

"का गं, चुने?"

"चाचा उठेना.
पट्टी मोजेना.
फिल्टर बसेना.
गाडी हलेना.
पिलं माझी एकटी घरी!"

मावशी म्हणाली, "अगं, ठेवला असता! पण आलं कुठाय? आलं पोत्यात. पोत्यावर शेळी. हटवायला गेले, तर शिंग दाखवते! आल्याशिवाय चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. मी नाही चहा ठेवणार. शेळी हटल्याशिवाय मी नाही चहा ठेवणार."

चुनी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पोत्यावर शेळी. पांढरी, गब्दुल. दाढी हलवत होती. चबक चबक.

"शेळीबाई, शेळीबाई, हटा ना!"

"का गं, चुने?"

"मावशी चहा ठेवेना.
चाचा उठेना.
पट्टी मोजेना.
फिल्टर बसेना.
गाडी हलेना.
पिलं माझी एकटी घरी!"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! माझ्या कानात खाज. आत. अगदी आत. खूर पोचत नाही. शिंग वळत नाही. खांबाला घासला, तरी खाज जात नाही. मी नाही हटणार. कान खाजवल्याशिवाय मी नाही हटणार."

चुनी वळली. आता कोणाकडे जायचं?

इकडे बघितलं. तिकडे बघितलं. पुढं कोणीच नव्हतं.

मावशीचा हात? फार मोठा. चाचांचं बोट? फार जाड. आबा? आबा लिंबाखाली घोरत होते. (खोटं आहे हे! मी नुसते डोळे मिटले होते.)

चुनी रस्त्यातच बसली. उन्हं कलायला लागली होती. तिच्या नाकाचा शेंडा ओला झाला.

"शेळी हटेना.
मावशी चहा ठेवेना.
चाचा उठेना.
पट्टी मोजेना.
फिल्टर बसेना.
गाडी हलेना.
पिलं माझी एकटी घरी!"

चुनीनं नाक पुसलं. पुसता पुसता पायाकडे बघितलं.

इवलासा पाय. इवली इवली नखं.

"शेळीबाई," चुनी म्हणाली, "मीच खाजवू?"

"तू?" शेळी हसली. "अगं, तू केवढीशी!"

"आणि तुमचा कान केवढासा?"

शेळीनं कान हलवला. विचार केला. चबक चबक. मग मान खाली घातली.

चुनी चढली. दाढीवरून गालावर. गालावरून कानात. मोठ्याला शिरता येत नाही, तिथं चुनी शिरली. अगदी बरोब्बर मावली.

खरखर खरखर खरखर.

"अजून आत... अजून जरा... तिथंच! हां, तिथंच! बेंऽऽऽऽ!"

मग काय झालं? तुम्हीच सांगा बघू!

खाज गेली.
शेळी हटली.
आलं मिळालं.
मावशीनं ते ठेचलं. ठेच ठेच ठेच.
मावशीनं चहा ठेवला. रटरट रटरट.
चहा आला.
चाचा चहा प्यायले. फुर्र, फुर्र, फुर्रर्र!
चाचा उठले.

मीपण उठलो. चहाचा वास आला ना!

मी लाल फिल्टर उचलला. म्हणालो, "चाचा, हाच लावा. हा धट्टाकट्टा आहे."

"आबा, तो खाली ठेवा," चाचा म्हणाले. "आणि तो हातोडा इकडे द्या."

मी दिला. काय करणार?

चाचांनी पट्टी घेतली. एक टोक स्वतः धरलं. दुसरं टोक चुनीनं धरलं. दोघं गाडीखाली गेले.

"चुने, नीट बघ," चाचा म्हणाले. "फिल्टरचं पोट नाही बघायचं. रंग नाही बघायचा. तोंड बघायचं. गाडीचं तोंड केवढं?"

"एवढं!" चुनी म्हणाली.

पट्टीनं लाल फिल्टरचं तोंड मोजलं. टिंग!

"जास्त!" चुनी म्हणाली. "तेल गळेल. टप टप!"

पट्टीनं निळ्या फिल्टरचं तोंड मोजलं. टिंग!

"कमी!" चुनी म्हणाली. "वर चढणारच नाही!"

राहिला काळा. धुळकट. कोपऱ्यातला. त्याच्याकडे तर मी बघितलंही नव्हतं. चाचांनी फडक्यानं पुसला. पट्टीनं मोजला. टिंग!

चाचा काही बोलायच्या आधीच चुनी ओरडली,

"बरोब्बर!"

चाचांनी बोटावर तेल घेतलं. फिल्टरच्या तोंडाशी रबराची गोल रिंग असते. तिला ते लावलं. गोल गोल, गोल गोल. मग फिल्टर हातानं फिरवला. हळू. हळू. घट्ट! ठाक नाही, ठोक नाही. काळ्यानं मिटलेले डोळे उघडले.

फिल्टर बसला.

नवं तेल ओतलं. गुळुक गुळुक गुळुक.

चाचा म्हणाले, "आबा, चावी फिरवा."

मी फिरवली. खर्र... खर्र... भुर्रर्रर्र!

सगळे गाडीखाली वाकले. मावशी वाकली. चाचा वाकले. शेळीपण वाकली. टप टप होतंय का?

नाही.

बघा, बघा, नीट बघा. एक थेंब?

नाही! एकपण नाही!

गाडी हलली. लाल फिल्टर फळीवरून म्हणाला, "जा, जा, मला माझी गाडी मिळेल." निळा म्हणाला, "मलापण!" चुनी माझ्या शेजारी सीटवर बसली. खाली नाही, वर. ऐटीत. भुर्र भुर्र, ओढा गेला. भुर्र भुर्र, चढ गेला. अजून भिंतीवर ऊन होतं, तेवढ्यात आम्ही घरी.

दाराशी तीन पिलं. पहिल्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात. दुसऱ्याची शेपटी तिसऱ्याच्या तोंडात. माळ करून आईला शोधायला निघाली होती.

"आई! आई! आई!"

चुनीनं तिघांना पोटाशी घेतलं. चुटुक चुटुक चुटुक. पिलं दूध प्यायली. पोटं टम्म झाली.

मी खिडकीतून मान बाहेर काढली. मिशीवरून हात फिरवला.

"काय, चुने? आणलं की नाही तुला वेळेत? आपल्यासारखा गाडीवाला आहे का कोणी? पुढच्या बाजाराला येतेस ना माझ्या गाडीतून?"

चुनी म्हणाली, "येते की, आबा! गाडी तुम्ही चालवा. फिल्टर तेवढा मी निवडते!"