ठिणगीची तेलातली उडी

अवजारं माणसांदेखत खुशाल गप्पा मारत, त्या काळातली ही गोष्ट. ठिणगी नावाची छिन्नी लोहाराच्या भट्टीतून लालबुंद होऊन निघाली आणि समोरची पाण्याची डोण पाहून चिमट्यातच मागं सरकली. तिच्याच पोलादाची बहीण आत्ताच त्या पाण्यात टचकन तडकली होती!

"मार उडी!" चिमटेमामा म्हणाले. "पाणी दिल्याशिवाय इथं कुणी कडक झालेलं नाही. मऊ राहिलीस तर थेट भंगारात जाशील."

"मामा, मला तेलात सोडा ना!"

"तेलात? भजी आहेस का तू?" ऐरण खो खो हसली.

पण ठिणगीच्या पोलादात मिसळलेला क्रोमियम धातू तिच्या पोटातून हळूच म्हणाला, "घाबरू नकोस. साध्या पोलादातला कार्बन सवड मिळताच निसटतो, म्हणून त्याला झटक्यात गारठवावं लागतं. तुझ्यातल्या कार्बनचा हात मी घट्ट धरलाय. तू तेलात सावकाश निवलीस तरी कडकच होशील, आणि तडकणारही नाहीस."

ठिणगीनं डोळे मिटले, चिमट्यातून अंग सोडवलं आणि शेजारच्या तेलाच्या पिंपात धपकन उडी घेतली. धूर उठला, बुडबुडे आले. ती निवल्यावर मामांनी तिला बाहेर काढलं. कुठंही तडा नव्हता! मग कानसआजीनं सगळा जोर लावून तिच्यावर दात घासले, तर ते नुसतेच घसरले.

"अगंबाई, ओरखडासुद्धा नाही!" आजी किंचाळली.

तेवढ्यात पुढची छिन्नी तापून निघाली. मामांनी तिला सवयीनं पाण्यावर धरलं आणि ते थबकले.

"थांब बाई, आधी सांग, तुझ्यात काय काय मिसळलंय?"